एक रविवार पुरे

मुलीला जर्मनीतल्या ज्या गावात शिकायला जायचं होतं, ते गाव दाखवायला मीच तिला घेऊन गेलो. ओळखीच्यांना वाटलं, काय हौशी बाप आहे! खरी गोष्ट वेगळी होती. गाव बघितल्यावर ती आपण होऊन नको म्हणेल याची मला पक्की खात्री होती आणि ते माझ्या डोळ्यांदेखत व्हावं अशी माझी इच्छा होती.

दुबईत रास अल खोरच्या घाऊक बाजारात मी फळं-भाजीचं शीतगृह सांभाळतो. बावीस वर्षं झाली. कंटेनरचं दार उघडल्यावर येणाऱ्या पहिल्या वासावरून आतला किती माल वाया गेलाय हे मी सांगतो, आणि माझा अंदाज सहसा चुकत नाही. चुकला तरी मी ते कबूल करत नाही, असं बायकोचं म्हणणं. ती मरीना भागातल्या एका ऑफिसात माणसं नेमायचं काम करते, त्यामुळे माणसांबद्दलची तिची मतं मी ऐकून घेतो. मालाबद्दलची नाही.

या बावीस वर्षांत आमच्या घरात एक वाक्य ठरलेलं होतं: पोरीची बारावी झाली की खलास, परत पुण्याला. दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्स वस्तीतल्या भाड्याच्या फ्लॅटसाठी सोफा घेताना आम्ही स्वस्तातला घेतला, कारण परतच जायचंय. भिंतीला खिळा ठोकताना हात आखडला, कारण परतच जायचंय. पुण्यात कोथरूडला फ्लॅट घेऊन ठेवलाय, त्यात सध्या भाडेकरू राहतात. मुलीने पुण्यात आर्किटेक्चर करायचं, आम्ही दोघांनी सहा महिन्यांत आवरून मागोमाग जायचं आणि तिघांनी स्वतःच्या घरात राहायचं, असं सगळं ठरलेलं. फ्रिज कुठल्या भिंतीला लावायचा तेही मी ठरवलं होतं. पुण्याच्या कॉलेजात तिला जागा मिळालीसुद्धा. आणि त्याच आठवड्यात जर्मनीहून पत्र आलं.

तिने तिकडे अर्ज केलाय हे मला माहीत होतं, पण मुलं काय, दहा ठिकाणी अर्ज करतात. नदीकाठचं एक लहानसं जुनं गाव, तिथलं त्याहून जुनं विद्यापीठ, आणि विषय कोणता, तर लाकडी सांगाड्याच्या जुन्या इमारती जतन करणं. मी विचारलं, "हे काय खूळ?" तर म्हणाली, "बाबा, मी जिथे वाढले तिथली एकही बिल्डिंग तुझ्यापेक्षा म्हातारी नाहीये. आय वॉन्ट टू टच समथिंग ओल्ड." मी म्हटलं, मग मला हात लाव. ती हसली नाही.

सोमवारी दुपारी बारापर्यंत होकार द्यायचा होता, आणि तिला अठरा पूर्ण व्हायला चार महिने असल्यामुळे कागदावर माझी सही लागणार होती. नाही म्हणणं माझ्या हातात होतं. पण आजकालच्या मुलांना सरळ नाही म्हटलं की ते जन्मभर लक्षात ठेवतात. म्हणून मी डोकं चालवलं. आमच्याकडे माल घ्यायला येणारा एक इजिप्शियन व्यापारी आहे, त्याचा भाऊ जर्मनीत असतो. तो म्हणाला, "हबीबी, संडे जर्मनी खलास. नो शॉप, नो पीपल, नथिंग." मी मनात म्हटलं, बस, एक रविवार पुरे. जिच्या घरी दुधाची पिशवी संपली तरी फोन केल्यावर दहा मिनिटांत दारात येते, ती पोरगी एका बंद रविवारी गार पडेल. जूनअखेर असूनही तिकडे पाऊस आणि चौदा डिग्री असणार होतं, तेही बरंच झालं. बायकोला सुट्टी मिळेना. बापलेकीनेच जायचं ठरलं.

शनिवारी दुपारी आम्ही विमानतळावरून भाड्याची गाडी घेऊन गावात पोचलो. गाव मला आवडलं, हे मी आधीच सांगून टाकतो. नदी रुंद, मातकट, घाईत नसलेली. काठाला लागून चार-पाच गल्ल्या, त्यांत काळ्या तुळयांची आणि पांढऱ्या भिंतींची घरं एकमेकांना रेलून उभी. काही घरं इतकी कललेली की दुबईत असती तर नगरपालिकेने दुसऱ्या दिवशी पाडली असती. गावाच्या नदीकडच्या जुन्या दरवाजावर पुराच्या पाण्याच्या खुणा कोरलेल्या, एकावर एक, प्रत्येकीपुढे साल. सर्वांत वरची माझ्या डोक्याच्याही हातभर वर होती. मुलीने त्या खुणेखाली मला उभं करून फोटो काढला आणि म्हणाली, "त्या एप्रिलच्या मोठ्या पावसात आपल्या पार्किंगमध्ये इतकं पाणी आलं होतं, बाबा, रिमेंबर? कुणी मार्कच केलं नाही." मी म्हटलं, आठवड्यात पंप लावून काढलं, मार्क कशाला करायचा?

चौकात शेतकऱ्यांचा बाजार उठायच्या बेतात होता. मला राहवलं नाही. जर्दाळू दिसले, अंगठ्याने एक दाबून बघितला. माणूस भाजीबाजारात जाऊन हात खिशात ठेवणार कसा? पलीकडच्या बाईने असा काही आवाज चढवला की मी जर्दाळू विजेचा झटका बसल्यासारखा खाली टाकला.

"बाबा, इथे हात नाही लावायचा. आपण सांगायचं, त्या देणार."

"तिला म्हणावं, बावीस वर्षं हेच करतोय. आणि सांग, खालच्या थरातली चेरी पावसाने तडकलीय, आजच्या आज काढून टाक."

मुलगी त्या बाईशी जर्मनमध्ये बोलायला लागली. वर्षभर फोनवर शिकत होती, पण मला वाटायचं, गेम खेळते. बाईचा चेहरा सैल पडला, तिने पिशवीत चेरी भरून वर एक मूठ जादा टाकली आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. मी खूश. म्हटलं, "पटलं ना तिला? काय सांगितलंस?"

"मी सांगितलं, माय फादर सेज युअर चेरीज आर ब्युटिफुल."

राहायची जागा चौकामागच्या एका जुन्या घरात होती. खोलीतली तुळई इतकी खाली की पहिल्या तासाभरात मी तिच्यावर तीनदा कपाळ आपटून घेतलं. मुलीने एकदाही नाही. शनिवारी संध्याकाळी सहाला दुकानांची दारं पटापटा बंद झाली, तेव्हा मी खिडकीत उभा राहून समाधानाने बघत होतो. बॅगेत बायकोने दिलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि डिंकाचे लाडू होते, म्हणजे माझी सोय चोख होती. पोरगी दशमीला हात लावत नाही, हे मी जमेस धरलं होतं.

रविवार उजाडला तो माझ्या मनासारखा. धो धो पाऊस, आभाळ राखाडी, गल्लीत चिटपाखरू नाही. मी म्हटलं, "चल, जरा गाव बघून येऊ." मनात म्हटलं, बघच आता. पण दुबईत वाढलेल्या पोरीला पावसाचा धाक घालणं किती मूर्खपणाचं आहे हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. ती गाडीची काच खाली करून हात बाहेर काढून बसली होती आणि दुबईत पंचेचाळीस डिग्री चाललंय म्हणून आईला व्हॉइस नोट पाठवून चिडवत होती.

दोन वळणं घेतली आणि एक बेकरी उघडी दिसली. रविवारी सकाळी दोन तास बेकरी चालू असते, हे माझ्या इजिप्शियन मित्राने सांगितलं नव्हतं. दारातून बाहेरपर्यंत आठ-दहा माणसांची रांग, सगळे छत्र्या घेऊन गुपचूप उभे. ताज्या पावाचा वास थेट गाडीत आला.

आता यापुढे जे झालं ते कसं झालं हे कळायला दुबईची एक रीत माहीत पाहिजे. आमच्याकडे चहाची टपरीवजा कॅफेटेरिया असते. तिच्यापुढे गाडी उभी करायची, उतरायचं नाही. हॉर्न द्यायचा. आतून माणूस येतो, काचेतून ऑर्डर घेतो, कागदी कपात कडक चहा आणून देतो आणि वर सलाम करतो. किराणावाल्याचंही तेच, इस्त्रीवाल्याचंही तेच. उन्हाळ्यात तर गाडीतून पाय खाली ठेवणं हाच वेडेपणा. बावीस वर्षांत ही सवय हाडात मुरलेली. मी काही ठरवून केलं नाही, हात आपोआप गेला.

मी बेकरीसमोर गाडी थांबवली, काच खाली घेतली आणि दोन हॉर्न दिले. छोटेच. सभ्य माणूस देतो तेवढेच. आणि दोन बोटं वर केली, म्हणजे दोन कॉफी.

रांगेतली सगळी डोकी एकदम वळली. कुणी आलं नाही. मला वाटलं, पावसात ऐकू गेलं नसेल. म्हणून तिसरा दिला, जरा लांब.

त्या गल्लीत तो आवाज केवढा झाला! दोन्ही बाजूंची घरं इतकी जवळ की तो भिंतींवर आपटून परत आला. वरची एक खिडकी उघडली, मग समोरची, मग तिच्या शेजारची. बनियनमधला एक गृहस्थ बाहेर वाकला. कुठल्यातरी घरात तान्हं मूल रडायला लागलं. आणि मी दोन बोटं वर करून बसलेला. मुलगी सीटवर इतकी खाली सरकली होती की तिचे फक्त गुडघे दिसत होते.

"बाबा. ओ माय गॉड. बोटं खाली घे."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. बोटं खाली घेतली, काच वर घेतली आणि गाडी काढून पळून जावं असा विचार केला. तेवढ्यात तिच्या बाजूचं दार उघडलं आणि ती छत्री न घेताच खाली उतरली.

ती सरळ रांगेकडे गेली. खिडकीतल्या लोकांकडे बघत, छातीवर हात ठेवून काहीतरी बोलली, मग माझ्याकडे बोट केलं, मग स्टिअरिंगवर हॉर्न दाबल्याचा अभिनय केला. मग एक आजोबा खो खो हसले आणि त्यांच्यामागून सगळी रांग. आजोबांनी वाकून, पावसातून माझ्याकडे नीट बघितलं आणि दोन बोटं वर केली. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. बनियनवाल्याने खिडकी लावून घेतली. मुलगी मुकाट्याने रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली, कुणा एका बाईच्या छत्रीखाली, आणि पंधरा मिनिटं त्या बाईशी गप्पा मारत राहिली. मी गाडीत बसून वायपर बघत होतो.

मग माझ्या काचेवर टकटक झाली. तिच्या एका हातात पावाची पिशवी, दुसऱ्या हातात पुठ्ठ्याच्या खोक्यात दोन कप. कॅफेटेरियावाल्याच्या सुरात म्हणाली, "साब, दो कॉफी. और कुछ?"

मी हसलो. दुसरं काय करणार? पाव अजून गरम होता. खाताना विचारलं, "काय सांगितलंस त्यांना?"

"सॉरी म्हटलं. आणि सांगितलं की अ‍ॅट होम आम्ही हॉर्न वाजवला की समवन कम्स. माझे बाबा विसरले की आपण आज घरी नाहीये."

घरी. दुबईला ती घर म्हणाली, आणि तेही परक्या भाषेत, परक्या लोकांपुढे, सहज. आमच्या बोलण्यात घर म्हणजे नेहमी पुणं. 'घरी केव्हा जाणार', 'घरून फोन आला', सगळं पुण्याचं. मी कॉफीचा घोट घेतला.

दुपारी पाऊस थांबला. गाव खरोखरच बंद होतं, पण ते बंद असण्यात तिला काही कमी वाटत नव्हतं. ती एकेका घरापुढे थांबत होती, तुळयांवरून हात फिरवत होती. एका घराच्या कोपऱ्यावर तिने मला जवळ बोलावलं आणि लाकडात छिन्नीने मारलेल्या रेघा दाखवल्या. एक उभी, दोन उभ्या, एक तिरकी. म्हणाली, सुतार लोक आधी अख्खा सांगाडा आपल्या अंगणात जुळवून बघायचे, मग प्रत्येक लाकडावर खूण करून सगळं सुटं करायचे आणि जागेवर नेऊन परत उभारायचे. म्हणून तर ही घरं अजूनही सुटी करून दुरुस्त करता येतात, कुजलेली तेवढी तुळई बदलता येते. मी बोटाने रेघा चाचपल्या. आम्ही पेट्यांवर खुणा करतो, तसंच काम, फक्त काही शतकं आधी केलेलं. माणसाने काम चोख केलं होतं. तिथे माझ्या तोंडून कौतुक निघून गेलं आणि नको तिथे निघालं हे मला लगेच कळलं.

नदीकाठी एका ओल्या बाकावर पिशवी पसरून आम्ही बसलो. ती पाण्याकडे बघत म्हणाली, "बाबा, एक विचारू? तू मुद्दाम संडे निवडलास ना?"

"छे, छे. सुट्टी तेव्हाच होती."

"तू ट्रिपचं एक्सेल फॅमिली फोल्डरमध्ये ठेवलंस. रिमार्क्सच्या कॉलममध्ये लिहिलंयस, 'रविवार, सगळं बंद. उत्तम.'"

उंटावरचा शहाणा म्हणतात तो हाच. मी दर ट्रिपचा तक्ता करतो, विमानापासून औषधांपर्यंत, आणि दर वेळी तो सगळ्यांसाठी त्या फोल्डरमध्ये ठेवतो. बावीस वर्षांची शिस्त.

"मग आलीस कशाला?"

"कारण मलाही संडेची भीती वाटत होती." हे ती मराठीत म्हणाली, सावकाश. "मला बघायचं होतं. आय हॅड टू सी. आणि बाबा, तुला नको असेल तर तू नो म्हण. मी ऐकेन, आय प्रॉमिस, रडेन पण ऐकेन. पण तू म्हण ना. गावाकडून कशाला म्हणवून घेतोस?"

मला राग आला. खोटं कशाला सांगू? पकडला गेल्याचा राग होता आणि त्याला नाव द्यायला मी कारण शोधत होतो. उठलो आणि काठाकाठाने चालत गेलो. एक लांबलचक मालवाहू होडी प्रवाहाविरुद्ध हळू चालली होती, तिच्यात खडी भरलेली. मी तिच्या बरोबरीने चालत राहिलो. फोनवर बायकोची व्हॉइस नोट आली होती: "काय रे, नाही म्हणाली का पोरगी? मी तुला आधीच सांगितलं होतं, ती नाही म्हणणार नाही. आणि तू तिच्यावर चिडला असशील तर आत्ताच्या आत्ता परत जा आणि नीट बोल. नीट म्हणजे खरं." नवरा बाहेर कुठे असेल आणि काय करत असेल, हे तिला तीन हजार मैलांवरून कळतं. मी परत फिरलो.

बाकावर बसून मी पहिल्यांदा खरं बोललो. म्हटलं, "तू राहशील. आज सकाळी बेकरीसमोर मला ते कळलं. तुझी मला काळजी नाही. म्हणजे आहे, पण ती मुख्य नाही. माझं काय, ते सांगतो. बावीस वर्षं मी घरी जायचं म्हणून दिवस मोजतोय. त्या घरात तू होतीस. म्हणजे माझ्या डोक्यातल्या. तू नसशील तर तिथे आम्ही दोघं काय करणार? भिंतींना खिळे ठोकत बसणार?"

ती माझ्या दंडाला डोकं टेकवून म्हणाली, "पुणं तुझं घर आहे, बाबा. आय लव्ह इट. पण मी तिथे पाहुणी असते. मावशी दर वेळी माझ्यासाठी नवा टॉवेल काढते. घरातल्यांना कुणी नवा टॉवेल काढतं का?"

माझ्या मेहुणीचा तो पांढरा, घडी न मोडलेला टॉवेल माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. ती तो प्रेमानेच काढते. मीही दर वेळी बघितला होता आणि मला वाटायचं, बघा, किती लाड करतात पोरीचे. सतरा वर्षांत त्यातलं एवढं मला दिसलं नव्हतं, आणि म्हणे माझा अंदाज चुकत नाही.

"मग दुबई?" मी विचारलं. "ती तरी तुझी आहे का? माझी नोकरी गेली तर महिन्याभरात गाशा गुंडाळायला लागेल."

"माहितीये. म्हणून तर इकडे यायचंय. कुणी कधीही जा म्हणेल अशा जागी मी किती वर्षं राहायचं? पण तोपर्यंत घर तेच आहे ना. तू आणि आई तिथे आहात."

आम्ही चेरी संपवल्या. बिया मी नदीत टाकायला लागलो तर तिने हात धरला आणि कागदात गुंडाळून ठेवायला लावल्या. संध्याकाळी खोलीवर आल्यावर तिने आपण होऊन दशमी मागितली. मला तेव्हाही काही ठरवल्याचं आठवत नाही. नाही म्हणायचं नाही, एवढंच ठरलं होतं, आणि तेही न बोलता.

सोमवारी सकाळी न्याहारीच्या टेबलावर तिने कागद पुढे ठेवले. तिथल्या ऑफिसला हातातच कागद लागतो, ई-मेल चालत नाही. अक्षर माझं चांगलं, म्हणून पेन मी घेतलं. ती एकेक रकाना वाचून सांगत होती, मी भरत होतो. विद्यार्थिनीचं नाव, जन्मगाव, पालक, पालकांचा व्यवसाय. ऑफिस आठला उघडणार, बारापर्यंत द्यायचं, वेळच वेळ होता.

"कायमचा घरचा पत्ता," ती म्हणाली.

हा रकाना मी झोपेतसुद्धा भरू शकतो. शाळेचा प्रवेश, बँक, विमा, व्हिसा, प्रत्येक कागदावर बावीस वर्षं तेच लिहीत आलो. फ्लॅट नंबर, सोसायटीचं नाव, कोथरूड, पुणे, चारशे अकरा... मी पिनकोडाच्या अर्ध्यावर होतो तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती पुढचा रकाना वाचत नाहीये. मान वर केली. ती त्या पत्त्याकडे नुसती बघत होती.

त्या पत्त्यावर एक चौकोनी कुटुंब राहतं. त्यांच्या धाकट्याने आमच्या बेडरूमच्या भिंतीवर रंगीत खडूने हत्ती काढलाय, त्याचा फोटो त्यांनी माफी मागत पाठवला होता. या गावाने माझ्या मुलीबद्दल काही कळवायला पत्र टाकलं, तर ते त्या हत्तीच्या घरी जाणार होतं. ती पहिल्या सुट्टीत दमून घरी आली, तर बेल वाजवल्यावर दार उघडणार ती परकी माणसं.

"दुसरा कागद आहे का?" मी विचारलं.

तिने फाइलीतून कोरी प्रत काढली. "तू खाडाखोड करतोस म्हणून दोन प्रिंट काढले होते."

मी पहिल्यापासून सगळं परत लिहिलं. नाव, जन्मगाव, पालक, व्यवसाय. मग त्या रकान्यात आलो आणि लिहिलं: फ्लॅट दोनशे सात, इमारतीचा नंबर, डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई. पोस्टल कोडच्या चौकटी रिकाम्या राहिल्या, कारण आमच्याकडे पोस्टल कोड नसतो, टपाल माझ्या ऑफिसच्या पेटीत येतं.

"चौकटी भराव्याच लागतात," ती म्हणाली. "झिरो टाक. सगळे टाकतात."

मी पाच शून्यं लिहिली.

"बाबा, पण मग तुम्ही पुण्याला केव्हा जाणार?"

"तुझं शिकणं होऊ दे. तोवर कोणी जात नाही कुठे." आणि तिचा चेहरा बघून घाईघाईने म्हटलं, "इतकी वर्षं राहिलो, अजून चार-पाच राहू. सोफा मात्र आता चांगला घेऊ."

तिने माझ्या हातातलं पेन न सोडवताच मला मिठी मारली, त्यामुळे सही करायला जरा वेळ लागला. साडेनऊला आम्ही कागद देऊन आलो. मग मी चौकात बसून बायकोला व्हॉइस नोट पाठवली. सांगितलं, सही केली, पत्ता दुबईचा दिला, पुणं राहू दे सध्या. एवढं बोलेपर्यंत माझा आवाज फुटला आणि मी ती नोट पुसून टाकून तेच सगळं लिहून पाठवलं.